एका काट्याचं घड्याळ

ज्या घड्याळात मिनिटं दिसतात ते घड्याळ बिघडलेलं समजावं, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच असणार, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मोठा भाऊ निघाला. मी अमरावतीच्या एका शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. पस्तीस मिनिटांच्या तासात हजेरीला किती मिनिटं जातात आणि फळा पुसायला किती, हे माझ्या अंगात इतकं भिनलेलं की अजूनही कुकरच्या दोन शिट्ट्यांमधलं अंतर मी मनातल्या मनात मोजतो. भाऊंना, म्हणजे माझ्या या मेव्हण्यांना, माझी ही सवय आजारासारखी वाटे. मी घड्याळात पाहिलं की ते बहिणीकडे वळून हळूच विचारत, "अजून जात नाई का यायचं हे दुखणं?"

भाऊंचं अकोल्याच्या बाजारात फुलांचं दुकान आणि बाळापूर रस्त्यावर वडिलोपार्जित मळा. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. नवरदेवाच्या हारापासून तिरडीवरच्या फुलांपर्यंत सगळं त्यांच्याकडून जाई, आणि गिऱ्हाइकांमध्ये त्यांना सगळ्यात पसंत तिरडीवाले. "फुलं ताजी हायेत का म्हणून हुंगून पाहत नाई ते लोक," असं ते अगदी गंभीरपणे सांगत. उंच, वाळका देह, पाण्यात राहून राहून पांढुरकी पडलेली बोटं, आणि डाव्या मनगटावर ते घड्याळ.

ते घड्याळ त्यांना रद्दीत सापडलं. म्हणजे त्याचं चित्र. हार बांधून द्यायला ते जुनी इंग्रजी मासिकं घेत, कारण त्यांचा गुळगुळीत कागद ओल्यानं लवकर फाटत नाही. एक दिवस सातवीच्या वर्गावर असताना माझा फोन वाजला. "जवाईबापू, एक गोष्ट वाचून सांगा. इथं घड्याळाचा फोटू हाये आन् छापखान्यावाल्यानं त्याचा एक काटा खाल्ला." संध्याकाळी त्यांनी पाठवलेला फोटो मी नीट पाहिला. छापखान्याची काही चूक नव्हती. स्वित्झर्लंडमधल्या एका लहानशा कारखान्याची ती जाहिरात होती. त्या घड्याळाला काटाच एक होता, तासाचा. लांब, सुईसारखा. तो बारा तासांत एकदाच तबकडीभर फिरतो, आणि दोन आकड्यांमधल्या चार बारीक रेघांवरून आपण वेळ अंदाजानं ओळखायची. मी हे समजावून सांगितल्यावर भाऊंनी ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "म्हंजे जगात अजून शहाणे लोक हायेत."

त्या कारखान्याचं नाव इतकं अवघड होतं की भाऊंनी ते एकदाही उच्चारलं नाही. डोंगरावरच्या एका जुन्या गोठ्यात आठ माणसं बसून ही घड्याळं बनवतात, असं जाहिरातीत होतं, म्हणून ते त्यांना 'गोठेवाले' म्हणू लागले. गोठेवाल्यांची बाकीची घड्याळंही त्यांनी माझ्याकडून शोधून घेतली. एकात आकडे कुठेही विखुरलेले, एकाला चक्क झाकण, कळ दाबल्याशिवाय वेळ दिसायची नाही. एकाचा काटा उलटा फिरे. भाऊंनी प्रत्येकाला मान डोलावली, पण मन एका काट्यावरच बसलं होतं. त्यांनी मला गोठेवाल्यांना इंग्रजीतून पत्र लिहायला लावलं. त्यात घड्याळाविषयी एकही प्रश्न नव्हता. फक्त, गोठ्यातल्या गाईंचं पुढं काय केलं, असं विचारलं होतं. मला लिहिताना लाज वाटली. आठ दिवसांत उत्तर आलं: गाईंसाठी खाली नवा गोठा बांधला आहे, आणि तो आमच्यापेक्षा ऊबदार आहे. भाऊंनी त्याच आठवड्यात मोटारसायकल विकली. ते घड्याळ त्यांना कितीला पडलं हे आजवर कुणालाही माहीत नाही. मळ्याशेजारच्या एका गुरुजींची मुलगी जर्मनीत नोकरीला होती, तिनं सुट्टीवर येताना ते आणलं, आणि त्या दिवसापासून भाऊ दुकानावर सायकलनं जाऊ लागले.

नांदगाव खंडेश्वरला माझ्या पुतणीचं लग्न होतं. मुहूर्त अकरा वाजून बेचाळीस मिनिटांचा, आणि वरमाला घेऊन भाऊ अकोल्याहून निघालेले. साडेअकराला मी घामाघूम. फोन लावला तर म्हणाले, "येऊन राहिलो ना. अकराच्या पुढं आन् बाराच्या अलीकडं हाये माह्यं घड्याळ." बारा वाजले, साडेबारा वाजले. माझ्या भावानं माझ्याशी बोलणं टाकलं. एक वाजून गेल्यावर भाऊ भिजवलेल्या फडक्यात गुंडाळलेले हार घेऊन मांडवात शिरले, आणि त्याच क्षणी रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला नवरदेवाचा घोडा वळला. भाऊंनी मला कोपऱ्यात नेलं आणि मनगट पुढं केलं. "पाहा. ह्याच्यात उशीर झालेला दिसते का कुठी?"

त्यांच्या या नादावर सगळ्यात जास्त चिडत त्या वहिनी, म्हणजे भाऊंची बायको. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, भरभर बोलणारी बाई. शेवंतीचा हार भाऊ एक करत तोवर त्यांचे दोन होत. त्या घड्याळाला त्या 'लंगडं' म्हणत. "माणसं हात तुटलेला देव पाण्यात सोडतात," त्या मला म्हणायच्या, "अन् यायनं काटा तुटलेलं घड्याळ विलायतेतून आनलं, भाऊजी." भाऊ हे ऐकून घेत. बायकोपुढं घड्याळाची बाजू मांडताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. ती मांडायची वेळ आली तेव्हा ती वहिनींनीच मांडली.

वहिनींचे पाय सुजायला लागले तेव्हा सगळ्यांना वाटलं, दिवसभर पाय खाली सोडून बसल्यामुळं. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत हे कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. अकोल्याच्या एका दवाखान्यात आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. एका वेळेला चार तास. मी निवृत्त झालो होतो, म्हणून आठवड्यातून एकदा अमरावतीहून जाऊन बसायचं काम मी मागून घेतलं.

त्या खोलीत सहा पलंग होते आणि समोरच्या भिंतीवर एक मोठं घड्याळ. त्याचा सेकंदाचा काटा टकटक करत फिरे. सुया टोचून मशीन सुरू झालं की वहिनी त्या घड्याळाकडे पाहू लागत, आणि मग चार तास दुसरीकडे पाहत नसत. बोलायच्या नाहीत, झोपायच्या नाहीत. सहा महिन्यांत त्या गोल चेहऱ्याचं पार हाड झालं. एकदा भाऊंनी सिस्टरला विचारलं, घड्याळ दुसऱ्या भिंतीवर लावता येईल का. ती बिचारी भली होती. "काका, आम्हाला दर अर्ध्या तासानं बीपी लिहावं लागतं, समोर घड्याळ पाहिजेच," म्हणाली. पुढच्या खेपेला भाऊ पलंगाच्या पायथ्याशी, घड्याळाच्या बरोबर आड, उभे राहिले. चार तास. साठी उलटलेला माणूस. तिसऱ्या तासाला त्यांनी पलंगाची कड धरली.

"बसा ना," वहिनी म्हणाल्या. "तुमी उभे राहून काय ते थांबून राहिलं का? आवाज तं येतेच."

भाऊ बसले. मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि वहिनींच्या मोकळ्या हातावर बांधलं. मी त्यांच्याकडे पाहत होतो. त्यांनी तो हात वर केला, डोळ्यांजवळ नेला, आणि तसाच छातीवर ठेवला.

पुढच्या आठवड्यात मी गेलो तर घड्याळ त्यांच्याच हातावर. मी सहज विचारलं, वेळ कळते का यात. वहिनी म्हणाल्या, "त्या भिंतीवरल्यात मोठा काटा चार चक्करा मारते, भाऊजी. बारीक काटा किती मारते ते मी मोजाले लागली होती, मंग येड लागायची पाळी आली. यात पाहा." त्यांनी तबकडीवर नख ठेवलं आणि जेमतेम टिचभर पुढं सरकवलं. "चार तास म्हंजे इथून इथं. अन् जाताना दिसत बी नाई." मग भाऊंकडे न पाहता, जरा हळू आवाजात, "चांगलं हाये हे लंगडं," म्हणाल्या.

मी आयुष्यभर मुलांना वेळ, काम, वेग यांची गणितं घातली. चार तासांचे तबकडीवर किती अंश होतात हे मी झोपेतही सांगितलं असतं. ते गणित कुणाच्या कामी येऊ शकतं हे मला त्या दिवशी कळलं.

दीड वर्ष असं चाललं. एकदा हाताची शीर बंद पडली, मानेत नळी घालावी लागली, तिथं जंतुसंसर्ग झाला, ताप उतरेना. भाद्रपदात एका दुपारी मशीन सुरू असतानाच वहिनी भाऊंना म्हणाल्या, "आता पुरे करा. मले मळ्यात न्या." भाऊंनी ऐकलं नाही असं दाखवलं. त्या आठवड्यात तीन वेळा त्या हेच म्हणाल्या. शेवटी भाऊंनी मला दवाखान्याबाहेर, रसवंतीच्या बाकावर बसवलं आणि विचारलं, "तुमी शिकलेले मानूस. सांगा, मी काय करू?"

मी डॉक्टरांना जाऊन विचारलं. थांबवलं तर दहा-बारा दिवस, ते म्हणाले. मी बाहेर येऊन भाऊंना तो आकडा सांगू लागलो तर त्यांनी माझा दंड धरला. "आकडा नका सांगू. फक्त तरास होईन का ते सांगा." मी म्हणालो, औषधं देतील, फार होणार नाही. ते आत गेले. त्या दोघांत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. अर्ध्या तासानं ते वहिनींची पिशवी घेऊन बाहेर आले.

मळ्यात दसऱ्याच्या झेंडूची तोडणी जवळ आली होती. पत्र्याच्या सावलीत खाट टाकली, तिथून सगळा केशरी वाफा दिसे. मी आणि माझी बायको तिथंच राहायला गेलो. पहिले चार-पाच दिवस वहिनी उशांना टेकून बसत, मांडीवर सूप घेऊन फुलं निवडत. नंतर नुसत्या पडून राहू लागल्या. कुणी किती दिवस झाले असं म्हणत नव्हतं, पण मी मनात मोजत होतो. माझा इलाज नव्हता. नवव्या दिवशी दुपारी माझी बायको चुलीपाशी होती. मी विहिरीवरून आलो. भाऊ खाटेवर बसून वहिनींच्या तळपायांना तेल चोळत होते. ते चोळतच राहिले. मी जवळ गेलो तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी म्हणालो, "भाऊ." ते म्हणाले, "हो." आणि चोळतच राहिले.

बाळापूर नाक्यावरचे डॉक्टर आले तोवर बराच वेळ गेला होता. त्यांनी नाडी पाहायला वहिनींचा हात उचलला, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, परत एकदा पाहिलं, आणि हात खाली ठेवला. मग कागद काढले. नाव, वय, आजार. "वेळ?" त्यांनी वर पाहिलं. "कधी गेल्या? किती वाजता?"

भाऊ म्हणाले, "दुपारी."

"नक्की वेळ लागते काका, फॉर्मवर रकाना आहे."

"म्या पाह्यली नाई," भाऊ म्हणाले. "तिचे पाय थंडे होऊन राहिले होते, ते पाह्यत होतो." डॉक्टर पेन धरून थांबले. तो माणूस वाईट नव्हता, त्याला दुसरीकडे जायचं होतं. भाऊंनी पुन्हा सांगितलं, "पाह्यली नाई ना साहेब." तिसऱ्यांदा त्यांना ते सांगावं लागू नये म्हणून मी म्हणालो, "बारा वीस." तोंडी गणिताचं उत्तर द्यावं तसं, अगदी ठाम. डॉक्टरांनी लिहिलं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळ पाहिलंच असणार, हे त्यांनी गृहीत धरलं. आयुष्यभर मी दुसरं काय करत आलो होतो?

मी पाहिलं नव्हतं. मी विहिरीवर पाय धूत होतो.

थंडीत एकदा अकोल्याला गेलो तेव्हा दुकानात डोकावलो. भाऊ हार ओवत होते. समोर दोन गिऱ्हाइकं उभी. एवढ्यात त्यांच्या खिशातल्या मोबाईलचा गजर वाजू लागला. भाऊंनी सुई ठेवली, उठून उभे राहिले, ओले हात तसेच लोंबत सोडून. गिऱ्हाइकं बहुधा रोजची असावीत. तीही गप्प राहिली. मिनिटभरानं भाऊ खाली बसले आणि सुई उचलली. मी माझ्या घड्याळात पाहिलं. बारा वाजून एकवीस मिनिटं झाली होती. त्यांच्या मनगटावर काहीच नव्हतं.

"घड्याळ?" मी विचारलं.

"डब्यात हाये," ते म्हणाले. "त्याच्यात बारा वीस नीट दिसत नाई."

मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, त्याला खरं सांगा. मी म्हणालो, आता काय उपयोग. पण पुढं रोज दुपारी बारा वीस झाले की माझा घास तोंडात फिरू लागला. संक्रांतीनंतर मी मुद्दाम अकोल्याला गेलो, दुकान बंद व्हायच्या आधी, आणि सांगून टाकलं. भाऊंनी हाती घेतलेला हार पुरा केला. दोरा दातांनी तोडला. मग म्हणाले, "तुमी जा आता."

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. उन्हाळा गेला. माझी बायको राखी बांधायला गेली तेव्हा त्यांनी हात पुढं केला, तिच्या गुडघेदुखीची चौकशी केली, माझं नावही काढलं नाही. बायकोचा मी अपराधी होतोच, पण जिच्या मरणात मी माझी मिनिटं घुसवली त्या वहिनी माझ्यावर रागावल्या असत्या का, याचाच मी विचार करत असे. बहुतेक हसल्या असत्या. त्यानं मला जास्तच वाईट वाटे.

वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आलं असताना एका सकाळी भाऊ अमरावतीला आमच्या दारात उभे राहिले. बायको पाणी आणायला आत गेली. ते पायरीवरच बसले आणि म्हणाले, "मरणाच्या दाखल्यातली वेळ दुरुस्त कराले गेलतो मी. बारा वीस खोडून टाका म्हटलं. त्या बाबूनं दाखला माह्याच हातात देल्ला. म्हने, काका, यात वेळ नसतेच. तारीख असते फक्त." त्यांनी तळहात उलटसुलट करून दाखवला. "म्या दोन्ही बाजूनं वाचला. खरंच नाई."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो.

"खोटं बोलले म्हून राग नव्हता आला, जवाईबापू. रोज उभा राहत होतो ना, तवा बरं वाटे. एक मिनिट का होईना, तिच्यापाशी गेल्यावानी. तुमी सांगतलं आन् ते बी गेलं."

बायकोनं पाण्याचा तांब्या तसाच धरून ठेवला होता. थोड्या वेळानं त्यांनीच तो तिच्या हातातून घेतला. दोन दिवस राहिले. इतक्या वर्षांत ते आमच्याकडे एक रात्रही राहिले नव्हते. फुलं कुणावर सोडू, म्हणत. जाताना पिशवीतून त्यांनी ते घड्याळ काढलं. डब्यात राहून ते बंद पडलं होतं, किल्ली फिरत नव्हती. "लिहा गोठेवाल्यायले," म्हणाले. मी पत्र लिहिलं. त्यात त्यांची बायको वारल्याचं मी आपल्या मनानं घातलं.

गुरुजींच्या मुलीनं घड्याळ सोबत नेलं. महिनाभरानं गोठेवाल्यांचं उत्तर आलं. दुःख वाटलं, असं लिहून खाली आठही जणांनी आपापल्या अक्षरात नावं लिहिली होती. आत पाणी गेलं होतं, साफ केलं. फक्त पट्टा फार खराब झाला आहे, त्याला गरजेपेक्षा जास्त भोकं आहेत, नवा लावून देऊ का, पैसे नकोत.

मी फोनवर हे वाचून दाखवलं. पलीकडे बाजाराचा गलका ऐकू येत होता.

"भोकं म्या पाडले," भाऊ म्हणाले. "खिळा तापवून. तिचा हात बारीक होत गेला तसतसे. चार हायेत." मग म्हणाले, "त्यायले लिहा, पट्टा तोच राहू द्या म्हना."

मी लिहितो म्हणालो. "आत्ताच लिहा," ते म्हणाले, "मी थांबतो." आणि मी ते एक वाक्य इंग्रजीत लिहून पाठवीपर्यंत ते तिकडे फोन कानाला लावून तसेच थांबले.